गाणाऱ्याची जागा

अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका कधीतरी सावकाश वाचावी. वर विठोबा, त्याखाली दिवसवार कीर्तनकारांची ह.भ.प. लावलेली नावं, आणि त्याहीखाली बारीक टायपात उरलेलं सगळं गाव: व्यासपीठ चालक, गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियम, विणेकरी, टाळकरी, चोपदार, मग अन्नदाते, मंडप, साऊंड. यातला गायनाचार्य म्हणजे बहुधा पंचविशीतला शेतकऱ्याचा मुलगा. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत, नाहीतर तिच्या वळणावर चालणाऱ्या एखाद्या लहान संस्थेत, काही वर्षं काढून आलेला. कीर्तनात तो बुवांच्या मागे उभा असतो. बुवांनी प्रमाण म्हणून चरण उच्चारला की चाल तो सोडतो. मृदंगाचार्यही त्याच वयाचा, मिसरूड नुकती ठरलेली. शहरात जो मान मिळायला केस पांढरे व्हावे लागतात, तो इथे पत्रिकेच्या एका छपाईत मिळतो आणि गावात कुणालाच तो जास्त वाटत नाही. देवापुढे वाजवतो ना, मग आचार्यच.

आता त्याच गावातली लग्नपत्रिका घ्या. चुलते, मामा, आत्या, सरपंच, माजी सरपंच, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी अंगणवाडीतली पोरं, सगळे छापलेले. ज्याच्या सनईवाचून वरात हलत नाही त्याचं नाव मात्र कुठेच नाही. तो 'वाजंत्री'. 'वाजंत्री आले का?' इथून त्याचा दिवस सुरू होतो आणि पंगती उठत आल्या की 'वाजंत्र्यांना वाढलं का?' इथे संपतो. मधल्या अख्ख्या दिवसात त्याला एकवचन मिळत नाही.

गाव एकच, कान तेच. तरीही एकाला आचार्य आणि दुसऱ्याला नुसतं अनेकवचन. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. गवई, गायक, बुवा, शाहीर, गोंधळी, हरदास, सारंगिये, बीनकार, पखवाजी, सुरत्ये, झीलकरी. बोलत गेलं की आठवत जातात. पण हे शब्द जरा कान लावून ऐकले की लक्षात येतं, यातले फार थोडे आपल्याला गाण्याविषयी काही सांगतात. बहुतेक शब्द त्या माणसाला आपण कुठे बसवलं, एवढंच सांगतात.

शब्दांची शेपटं पाहिली तरी पुरे. 'वाला' घ्या. दूधवाला, भाजीवाला, कल्हईवाला, सनईवाला, बँडवाला, पेटीवाला. ज्याला आपण गरजेला हाक मारतो आणि काम झालं की दारातून पैसे देतो, तो वाला. 'करी' वेगळं. शेतकरी, वारकरी, टाळकरी, विणेकरी. यात मजुरी नाही, रहाटी आहे. माणूस आणि त्याचं काम एकमेकांत मुरलेलं आहे. 'कार' म्हटलं की घडवणारा आला: बीनकार, कीर्तनकार, संगीतकार. 'जी' मात्र फसवं. 'तबलजी' ऐकून परक्या माणसाला वाटेल, केवढा आदर! पण हा 'जी' गुरुजींमधला नाही. तो मशालजीतला आहे, तोपची आणि खजांचीचा भाऊ, तुर्की-फारसीच्या वाटेने दरबारात नोकरीला आलेला. आदराचा आवाज असलेल्या या शब्दात कोठीच्या पायरीची धूळ इतकी साचली की पुढे तबलजी म्हणवून घेणं कुणालाच नको झालं. मग संस्कृतातून 'वादक' आणला गेला. तबलावादक, सारंगीवादक, सनईवादक. बोटं तीच, कायदे तेच, रेले तेच. शब्द तेवढा स्नान करून सोवळ्यात आला. ढोलकीला तर आपण कुस्ती आणि क्रिकेटकडचा 'पटू' दिला. लालमातीतून तिला शोभणारंच शेपूट मिळालं म्हणायचं.

आमच्या लहानपणी पेटी शिकवायला जे गृहस्थ यायचे, ते 'पेटीमास्तर'. शाळेत मास्तर, बँडमध्ये बँडमास्तर, तसे हे. त्याच इंग्रजी शब्दाचं रंगभूमीवर मात्र 'मास्टर' झालं. संगीत नाटकात लहानपणी उभं राहिलेल्या मुलाच्या नावाआधी जाहिरातीत 'मास्टर' लागायचं, आणि गळा तसाच असला तर ते जन्मभर चिकटायचं. म्हणून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर. एकाच शब्दाच्या 'ट' आणि 'त' मध्ये रंगमंच आणि ओसरी एवढं अंतर. आमचे मास्तर ओसरीवरच बसायचे. त्यांना खुर्ची होती, चहा कपबशीतून होता. दिवाळीत पहाटे सनई वाजवायला यायचे त्यांना फाटकाशी सतरंजी असायची. गोंधळाच्या रात्री गोंधळी थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, कारण त्या रात्री ते देवीचे असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लोक शिधा घ्यायला अंगणात उभे. कुणी कुठवर यायचं हे आजीला कधी ठरवावं लागलं नाही. शब्दातच ठरलेलं होतं.

गाण्याच्या भाषेतही 'जागा' असते. बंदिश मांडता मांडता गवई एखाद्या स्वराशी असा वळतो की बसलेल्यांचे हात आपोआप वर जातात, आणि कुणीतरी म्हणतं, 'काय जागा घेतली!' मैफलीला आपण 'बैठक' म्हणतो. लावणीसुद्धा बसून अदा केली तर बैठकीची आणि उभ्याने केली तर खडी. दोन्हींतला फरक नुसत्या पायांचा नाही, पुढे बसलेल्यांचाही आहे. जिथे गाण्यातल्या सौंदर्याला जागा म्हणतात आणि गाण्याच्या सभेला बैठक, तिथे कोण कुठे बसलं याला वजन येणारच.

सगळ्यांत चमत्कारिक जागा नगारखान्याची. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. पेशव्यांनी यायचं-जायचं ते त्याच्याखालून. देवळांतही तसंच; महाद्वारावर चौघडा, आणि देवाच्या दर्शनाला येणारे सगळे त्याच्याखालून आत जाणारे. म्हणजे वाड्यातला, देवळातला सगळ्यांत उंच बसणारा माणूस चौघडेवाला. पहाट तो उघडायचा, दिवेलागण तो करायचा. एवढ्या उंचीवर बसूनही तो राहिला दरवाज्यावरच. गुरव, घडशी अशा घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा चालली, इनामावर आणि शिध्यावर चालली, आणि खालून जाणाऱ्यांपैकी कुणाला वर कोण बसलंय हे विचारावंसं वाटलं असेल असं दिसत नाही. ऐकू यायचं, पण दिसायचं नाही, ही त्या जागेची अट होती.

साथ करणाऱ्याची जागा याहून अवघड, कारण ती दिसणारी आहे आणि तरी मागे आहे. 'साथीदार' हा केवढा गोड शब्द! पण वर्तमानपत्रात तो मैफलीच्या बातमीपेक्षा चोरीच्या बातमीत जास्त येतो: 'मुख्य आरोपी व त्याचे दोन साथीदार'. पोवाड्यात आणि तमाशात मागे उभा राहून ओळीचा शेवट उचलणारा, 'जी जी'चा सूर धरून शाहिराला श्वास घ्यायला उसंत देणारा, तो झीलकरी. त्याच्याविना पोवाडा दहा कडव्यांत धापा टाकेल. आणि आपण त्याच्या कामाचं काय केलं? कुणाच्या मागे हांजी हांजी करत फिरणाऱ्याला 'झील ओढतो' म्हणू लागलो. सुरत्या तुणतुण्याची एकच तार छेडत रात्र रात्र उभा असतो. त्या एका तारेवर सगळ्यांचा सूर टेकलेला असतो. त्याला मात्र 'नेहमीचं तुणतुणं'. मागे उभं राहण्याला भाषेने कधी क्षमा केली नाही.

ती क्षमा कधी कधी पुढे उभ्या असलेल्या माणसाने मिळवून दिली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. बालगंधर्वांचं पद ऐकायला आलेले लोक थिरकवांचा हात ऐकायलाही येत. नाटकाची वाद्यं रंगमंचासमोर खालच्या बाजूला बसतात, म्हणजे जागा पुन्हा खालचीच. पण ज्या कंपनीत थिरकवांसारखा माणूस त्या जागेवर बसतो, तिथे ती जागा खालची राहत नाही. हे घडायला बालगंधर्वांना काही जाहीर करावं लागलं नाही. गाताना साथीला मोकळी वाट दिली की पुरे.

पुढे बसणाऱ्यांची नावं आपण हौसेने घडवली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्या आगेमागे भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे. 'बुवा' हा शब्द मूळचा देवळातला, कीर्तनातला. या मंडळींपैकी कुणी रियासतींत, कुणी उत्तरेत वर्षानुवर्षं हाल काढून मुसलमान उस्तादांकडून, नाहीतर त्यांच्याच परंपरेतल्या गुरूंकडून विद्या आणली. घरी परतल्यावर समाजाने त्यांना खाँसाहेब म्हणता येईना आणि नुसतं गवई म्हणवेना, तेव्हा जवळचा, घरचा, निरुपद्रवी बुवा हाताशी होता. एका अंगाने तो मान होता. दुसऱ्या अंगाने ती तडजोड होती: गाणं घ्यायचं, पण ते ज्या घरातून आलं त्या घराचा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायचा. मिरजेत मात्र दोन्ही शब्द एका गल्लीत नांदले. अब्दुल करीम खाँ तिथे खाँसाहेब म्हणूनच राहिले, दर्ग्यात गायले, तिथेच विसावले; आणि तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कारागिरांनी तर 'सतारमेकर' असं अर्धं-मुर्धं इंग्रजी नाव आडनाव करून टाकलं. हा शब्द मला फार आवडतो. त्यात कुणाची परवानगी मागितलेली नाही.

बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला तीन गोष्टी दिल्या: इयत्ता, परीक्षा आणि तिकीट. दरबारातला गवई मालकाच्या मर्जीवर बसायचा. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर बसलेल्या गवयाला मालक उरला नाही. आज गावोगावची मुलं 'विशारद' आणि 'अलंकार' होतात त्याचं मूळ तिथे आहे. या शब्दांना गळ्याचा वास नाही, प्रमाणपत्राचा आहे, अशी कुरकूर जुनी मंडळी करत. ती खरीच. पण प्रमाणपत्राला जातीचाही वास नसतो, हे त्या कुरकुरीत राहून जाई. नंतर पोस्टरवर 'पंडित' आला, आणि आता तो इतका झाला आहे की ज्याच्या नावामागे तो नाही तो एकटाच गवई उठून दिसावा.

पदव्यांची मराठी माणसाला विलक्षण हौस. नारायण राजहंस नावाच्या मुलाला टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं अशी आख्यायिका, आणि त्या एका शब्दातून गंधर्वांचं गोत्रच निर्माण झालं. भास्करबुवा देवगंधर्व. रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व. गंधर्वाच्या सव्वापट, अगदी बाजारपेठेतलं माप लावून. सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ कुमार गंधर्व, आणि हे तर पुढे पदवी न राहता नावच झालं. गंमत अशी की पुराणातला गंधर्व हा देवांच्या सभेतला गाणारा, म्हणजे तिथेही तो सभासद नव्हे. इंद्राच्या दरबारात त्याची बैठक कुठल्या ओळीत होती कोण जाणे.

या सगळ्या शब्दांत बाईला कुठे बसवलं ते पाहिलं की हसू ओसरतं. 'कलावंत' आणि 'कलावंतीण' शेजारी शेजारी लिहून पाहा. एका शब्दावर शाल पांघरतात. दुसऱ्याने गोव्यात आणि कोकणात कितीतरी घरांची लग्नं मोडली. व्याकरणात स्त्रीलिंगाचा प्रत्यय एवढाच फरक आहे. समाजात देऊळ, जमीन, यजमान आणि बापाच्या नावाची रिकामी जागा एवढा आहे. गोव्यातल्या कलावंत, भाविणी, देवळी या घरांनी विसाव्या शतकात हे शब्दच अंगावरून उतरवले आणि गोमंतक मराठा समाज असं नवं नाव घेतलं. एखाद्या अख्ख्या समाजाने ठरवून शब्द बदलल्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. तोवर त्या घरांनी आपल्याला अंजनीबाई मालपेकर दिल्या होत्या, केसरबाई केरकर दिल्या होत्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या होत्या.

तिघीही 'बाई'. मराठीत बाई हा शब्द अहिल्याबाईंनाही आहे, शाळेतल्या बाईंनाही आहे आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही आहे. इतका ऐसपैस शब्द दुसरा नसेल. पण गाण्याच्या संदर्भात तो आला की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे पाहायची. हुबळीच्या गंगूबाई हनगळ यांनी ही गोष्ट उघड बोलून दाखवली होती. गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित. केसरबाई-मोगूबाईंसारख्या बायका मात्र बाईच राहतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हे बोलायला गंगूबाईंहून अधिकारी कोण? सवाई गंधर्वांच्या त्या शिष्या, आणि त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर नावसुद्धा वेगळं, 'गांधारी', असं छापलेलं.

मग हे बदललं कसं? कोशकारांनी काही केलं नाही. हिराबाई बडोदेकर तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत, नऊवारी नीट सावरून, रंगमंचावर बसल्या आणि गाऊन घरी गेल्या. अशा रीतीने गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या. त्यांच्यानंतर मध्यमवर्गातल्या आयांनी मुलींना गाणं शिकवायला घातलं. अंजनीबाईंना १९५८ साली संगीत नाटक अकादमीचं सदस्यत्व मिळालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. मोगूबाईंच्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, लोक 'ताई' म्हणू लागले. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वी सोडून गेली, आणि तबकडीबरोबरच्या यादीत त्यांच्या नावाआधी 'सूरश्री' आहे. तिकडे कुणी ऐकलंच तर त्यांना 'बाई' या शब्दाचे आपले सगळे अर्थ समजावून सांगायची पाळी येणार नाही, हे एक बरं. आज पोस्टरवर 'विदुषी' असतं. पण क्रम पाहण्यासारखा आहे. कुणीतरी आधी नको त्या जागी जाऊन बसतं, बरीच वर्षं बसून राहतं, आणि मग शब्द धापा टाकत मागून येतो.

सगळ्यांच्या वाट्याला तेवढं बसणं येत नाही. गोंधळी, वासुदेव, भराडी, चित्रकथी या शब्दांचं काय करायचं? हे आपल्याकडे कलेचेही शब्द आहेत आणि जातीचेही. विद्यापीठात त्यांच्यावर प्रबंध होतात आणि तहसील कचेरीत त्यांचे दाखले निघतात. डौर वाजवणाऱ्यांचं तर वाद्यच सरकारी यादीत शिरलं आहे: नाथपंथी डवरी गोसावी. सतार वाजवणाऱ्याच्या मुलाने बँकेत नोकरी धरली की तो सतारिया उरत नाही. गोंधळ्याचा मुलगा कलेक्टर झाला तरी दाखल्यावर गोंधळीच असतो, संबळाला त्याने हात लावलेला असो वा नसो. पंडित हा शब्द कमवावा लागतो. हे शब्द जन्माबरोबर पदरात येतात आणि उतरवता येत नाहीत.

'शाहीर' या शब्दाने मात्र उलट प्रवास केला. अरबीत शायर म्हणजे कवी. मराठीत आल्यावर त्याने हातात डफ घेतला, कमरेला शेला बांधला आणि उभा राहिला. शिवकाळात अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तेव्हापासून तो उभाच आहे. पट्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जानवं बाजूला ठेवून फडात उतरले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात सभा पेटवल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिराचा आवाज पुढाऱ्याच्या आधी मैदान भरायचा, आणि लोकांनी आपण होऊन 'लोकशाहीर' म्हटलं. हा शब्द इतका वर गेला की पुढे बाबासाहेब पुरंदऱ्यांसारख्या व्याख्यात्याला, डफ हाती न धरताही, 'शिवशाहीर' म्हणण्यात आलं. डफाखेरीज शाहीर होता येतं, पण हलगी वाजवून आचार्य होता येत नाही. एवढा हिशेब मनात राहतो.

गोव्याने आणखी एक शब्द दिला. चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवणारा तो मेस्त्री. पोर्तुगीज 'मेस्त्रे' म्हणजे गुरू. त्याच शब्दाचा मराठीत मिस्त्री झाला आणि त्याने हातात रंधा घेतला. त्या शाळांत शिकलेली गोवेकर मंडळी मुंबईच्या सिनेमात आली आणि खऱ्या अर्थाने मिस्त्री झाली. वाद्यमेळाची सगळी सांधेजोड त्यांची, पाटी दुसऱ्याची. संगीतकार म्हणून एक नाव पडद्यावर यायचं, हे 'अरेंजर' क्वचितच. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव देशभर पोचलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे, प्यारेलाल या त्यांच्या व्हायोलिनच्या शिष्याने गुरूला दिलेली ती दक्षिणा. पण ते नाव एका खऱ्या वादकाचं आहे हे नाचणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं!

या सगळ्या बसण्या-उठण्याचा शीण आला की मला देवगिरीची आठवण होते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा अधिकारी होता. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. दिवसा राज्याचा जमाखर्च सांभाळून त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात गाणाऱ्यांचाही जमाखर्च मांडला. त्याच्या मते गायक पाच तऱ्हेचे. काही न गाळता शिकवू शकतो तो शिक्षाकार. दुसऱ्याची ढब उचलतो तो अनुकार. स्वतःच रसात बुडतो तो रसिक. ऐकणाऱ्याला सुखावतो तो रंजक. आणि गीतात काही भर घालतो तो भावुक. यातला प्रत्येक शब्द गाण्याच्या आतून आला आहे. वाला नाही, बुवा नाही. शब्द आणि सूर दोन्ही रचणारा वाग्गेयकार, बासरीवाला वांशिक, मृदंगवाला मार्दंगिक. दोषी गायकांचे तर त्याने २५ प्रकार सांगितले: दात आवळून गाणारा, डोळे मिटून गाणारा, नाकात गाणारा, कावळ्याच्या आवाजाचा, उंटासारखी मान काढणारा, कपाळाच्या शिरा फुगवणारा, भ्यालेला. परवाच्याच मैफलीत यातले दोन-तीन भेटल्यासारखं वाटतं.

अर्थात शार्ङ्गदेवही दरबारातलाच माणूस. गायिकेची लक्षणं सांगताना तो रूप आणि यौवन आधी मोजतो, हे नजरेआड करता येत नाही. देवळाबाहेर डफ बडवणाऱ्याला त्याच्या वहीत कुठला रकाना मिळाला असता, कुणी सांगावं. तरी एक गोष्ट त्याने दाखवून दिली. गाणाऱ्याला त्याच्या गाण्यावरून नाव देता येतं, आणि ते याच मातीत, सातशे-आठशे वर्षांपूर्वी देऊन झालं आहे. आपण त्याचे पाच शब्द अभ्यासक्रमात ठेवले आणि बोलताना वाला-बाई-बुवाकडे परत आलो.

हल्ली गणपतीत पुण्याच्या रस्त्यावर ढोल-ताशा पथकं निघतात. कमरेला ढोल बांधलेल्या मुली, भगवा फेटा, आठवडाभर कंपनीत लॅपटॉपवर काम करून सरावाला येणारी मुलं. पथकात कुणी ढोलवाला नसतो. सगळे 'वादक'. वाजवण्याचे ते पैसे घेत नाहीत, उलट वर्गणी देतात, आणि त्यांच्या हातात दम आहे यात वाद नाही. मुलींनी ढोल कमरेला बांधला हीही एक जागा मिळवण्याचीच गोष्ट आहे. पण त्याच मिरवणुकीत पोटासाठी ताशा वाजवणारा माणूस, ज्याच्या बापजाद्यांनी तर्री जिवंत ठेवली, तो अजून ताशेवाला. वाद्य एक, रस्ता एक, देव एक. पैसे देऊन वाजवलं तर वादक, घेऊन वाजवलं तर वाला.

म्हणून सातारा-सांगलीकडच्या रस्त्यावर एखाद्या टेम्पोच्या मागे लाल-पिवळ्या अक्षरांत 'हलगीसम्राट' असं लिहिलेलं दिसतं, खाली मोबाईल नंबर आणि फेट्यातला फोटो, तेव्हा गाडीतली शिकलेली माणसं हसतात. सम्राट काय, आणि हलगी काय! त्या टेम्पोवाल्याच्या आजाला लग्नात नाव नव्हतं, बापाला वाला होतं. नातवाने पेंटरला पैसे देऊन आपला शब्द आपण लिहून घेतला. प्रत्येकाला पदवी द्यायला टिळक थोडेच भेटतात.